रेघेचं कोपर

ज्या इमारतीत मी सहा वर्षं राहत होतो, ती इमारत मीच बेकायदा ठरवली. एका सोमवारी, सकाळी साडेअकराच्या सुमाराला, झीरो पॉइंट पाचच्या शाईच्या पेनाने. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी भाग पाडलं नव्हतं. रेघ वाकडी दिसत होती, मी सरळ केली. झालं.

आता ही गोष्ट सांगायची तर आधी आमचं खातं समजावून सांगणं आलं. मी कुडाळचा, आयटीआयचा ड्राफ्ट्समन. कुवेत इराकच्या ताब्यातून सुटल्याच्या पुढच्या वर्षी, म्हणजे ब्याण्णव साली तिकडे गेलो आणि दस्मानच्या बाजूला असलेल्या एका सरकारी कचेरीच्या पाचव्या मजल्यावर, खिडकीपाशी, ड्रॉइंगबोर्डासमोर बसलो. खिडकीतून समुद्र दिसायचा. गावी पत्र लिहिलं की मी सरकारच्या 'आंतर-प्रांतीय संबंध' खात्यात आहे. वडिलांनी अख्ख्या वाडीला सांगितलं की आमचा मुलगा परराष्ट्र खात्यात लागला. मी ती समजूत दूर केली नाही.

खरं काम असं होतं. कुवेत केवढं, तर सकाळी चहा पिऊन निघालात तर जेवणाच्या आत हे टोक ते ते टोक करून परत याल. पण देश म्हटला की त्याचे भाग पाडावे लागतात. त्या भागाला म्हणतात मुहाफझा, आणि त्याच्या प्रमुखाला मुहाफिझ, म्हणजे आपला राज्यपाल आणि कलेक्टर एकत्र कालवल्यावर जे होईल ते. नगरपालिका मात्र साऱ्या देशाची एकच, बलदिया. तिची शाखा प्रत्येक मुहाफझ्यात. शिवाय प्रत्येक वस्तीचा एक मुख्तार, म्हणजे पाटील समजा. ह्या सगळ्यांच्या मधोमध आमचं खातं. मुहाफझ्याचं बलदियाशी पटलं नाही, एका मुहाफझ्याचं दुसऱ्याशी पटलं नाही, की फाइल आमच्याकडे. घरात दोन जावा बोलेनाशा झाल्या की तिसरीला निरोप्याचं काम करावं लागतं. ती तिसरी जाऊ म्हणजे आम्ही.

आमचे मुदीर, म्हणजे डायरेक्टर, होते बू फहद, म्हणजे फहदचे वडील; तिथे मोठ्या माणसाला मुलाच्या नावाने ओळखतात. स्वभावाने शांत, चालायला संथ, हातात सतत माळ. त्यांच्यासमोर दोन मुहाफझ्यांचे प्रतिनिधी कितीही तावातावाने भांडले तरी माळेचा वेग बदलत नसे. ते म्हणायचे, "मिस्टर बेडणेकर, रेघ मारणं सोपं आहे. रेघेच्या दोन्ही बाजूंचा माणूस आपण जिंकलो असं समजून घरी गेला पाहिजे." अरबीत 'प' नाही, त्यामुळे पेडणेकरचा बेडणेकर झाला. बावीस वर्षं मी बेडणेकर होतो. बेडकावर भागलं, दुसऱ्या कुठल्या प्राण्याशी नातं जोडलं नाही यातच समाधान मानलं.

एक केस सांगतो म्हणजे कल्पना येईल. दोन मुहाफझ्यांच्या हद्दीवर एक खजुराचं झाड होतं. वाऱ्याने त्याच्या वाळक्या झावळ्या रस्त्यावर पडायच्या आणि दोन्हीकडून पत्र यायचं, की सदर झाड आमच्या हद्दीत येत नाही, तरी संबंधितांनी सफाई करावी. सहा महिने पत्रव्यवहार. मग उन्हाळा आला, झाडाला खजूर लगडला आणि एकाच आठवड्यात दोन्हीकडून पत्र आलं, की सदर झाड पूर्वापार आमचं आहे. बू फहदनी दोन्ही पत्रं शेजारी शेजारी ठेवून मला झेरॉक्स काढायला सांगितल्या आणि उलट टपाली दोघांना त्यांची स्वतःची आधीची पत्रं पाठवून दिली. पुढे त्या झाडाचा खजूर आमच्या खात्यात पेटीने यायला लागला. कोण पाठवतं ते आम्ही विचारलं नाही. दुसरी केस शहराबाहेरच्या सुलैबियाच्या बाजूच्या मेंढ्यांच्या वासाची. वारा फिरला की वास शेजारच्या मुहाफझ्यात जायचा आणि तिथून तक्रार यायची. मला 'वासाच्या हद्दीचा' नकाशा काढायला सांगितला. मी काढला. वाऱ्याला तो दाखवायचा राहून गेला.

तर अशा कचेरीत मी नकाशे काढत होतो. तेव्हा कॉम्प्युटर आमच्या मजल्यापर्यंत पोचला नव्हता. बैठकीत दोन्ही बाजू एका छापील नकाशावर लाल पेन्सिलीने जे काही ठरवतील ते ट्रेसिंग फिल्मवर शाईने उतरवायचं, मग त्याच्या प्रती काढायच्या, अमोनियाचा वास नाकात जाऊन डोळ्यांतून बाहेर यायचा. त्या प्रतींवर सह्या-शिक्के झाले की तो कायदा. बैठकीच्या इतिवृत्तात आमचे इजिप्शियन टायपिस्ट उस्ताद सामी एकच वाक्य टाइप करायचे: 'हद्द सोबतच्या नकाशाप्रमाणे.' म्हणजे काय ठरलं हे इतिवृत्तात नाही, ते माझ्या रेघेत. आणि तो लाल पेन्सिलीचा मूळ कागद? तो रद्दी. कागद चांगला जाड असायचा. आम्ही सगळे तो घरी न्यायचो, फळीवर अंथरायला.

आता इमारत. आमची वस्ती अशी, की एका बाजूला कुवेती कुटुंबांचे बंगले, दुसऱ्या बाजूला भाड्याच्या जुन्या इमारती, आणि दोन्हींच्या मधोमध जमिया, म्हणजे सहकारी भांडार. जमियाच्या मागच्या गल्लीच्या कडेला, लाँड्रीवर तीन मजले, ते आमचे. अडतीस माणसं. बहुतेक सगळे सिंधुदुर्गातले: प्लंबर, सुतार, एसीवाले, वेल्डर. आमच्यातले धुरी दादा तीन मुलांचे बाप आणि एका नातीचे आजोबा, पण बायको कुडाळात असल्यामुळे बलदियाच्या कागदावर ते 'अविवाहित पुरुष'. तिथला नियमच असा. कुटुंब बरोबर नसेल तो बॅचलर, मग त्याची नात बालवाडीत जात असो. आणि जो भाग खासगी कुटुंब-वस्ती म्हणून नोंदलेला, तिथे बॅचलरांनी राहायचं नाही. सापडले तर नोटीस, नाहीच ऐकलं तर लाइट कापायची.

आमची इमारत त्या नोंदलेल्या भागात नव्हती. अगदी काठावर होती, पण बाहेर. त्या भागाची हद्द आणि मुहाफझ्याची हद्द आमच्या गल्लीत एकच होती.

धुरी दादा सुतार. मेसचं स्वयंपाकघर त्यांचं. त्यांच्या फळीला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. सुके बांगडे, जवळा, तिरफळं, सगळं डब्यांत, डबे रांगेत. दुसरे माझे सोबती बाळा परब, प्लंबर. बाळाला आजूबाजूच्या बंगल्यांतल्या सगळ्या पाण्याच्या टाक्या आतून माहीत. कुवेतमध्ये गच्चीवरची टाकी फुटली की मालकाला आधी परब आठवायचा आणि मग देव. मी त्या इमारतीत एकटाच टेबलावर काम करणारा, म्हणून मला मान. म्हणजे भांडी घासायच्या यादीत माझं नाव नव्हतं एवढाच.

तर त्या सोमवारी माझ्या बोर्डावर एक नकाशा आला. आदल्या आठवड्यात दोन मुहाफझ्यांची हद्द नव्याने आखायची बैठक झाली होती, त्यातला. लाल पेन्सिलीची रेघ जमियाच्या मागच्या गल्लीतून सरळ येत होती आणि मध्येच एका जागी तिला कोपर आलं होतं. बाहेर गेली, एका दाण्याला वळसा घातला, परत गल्लीत आली. मला गंमत वाटली की आपली वस्ती आपल्या बोर्डावर आली. पण एकास पाच हजारच्या नकाशावर इमारत दिसते केवढी, तर मसुरीच्या दाण्याएवढी. वर प्लॉट नंबर. मला माझ्या इमारतीचा प्लॉट नंबर माहीत नव्हता. माझी पत्रं पोस्ट बॉक्सवर यायची, आणि घर मी कधी आकाशातून बघितलेलं नव्हतं. मला एवढंच दिसलं की एक सुंदर सरळ रेघ मध्येच कोपर काढून उभी आहे. ती लाल पेन्सिल मुख्तारांच्या हातात होती हे सामींनी सांगितलेलं. म्हाताऱ्याचा हात थरथरला असणार, असं मी ठरवलं.

मी ड्राफ्ट्समन आहे हो. वाकडी रेघ मला बघवत नाही. कुणाच्या शर्टाची इस्त्री मोडलेली दिसली तरी मी अस्वस्थ होतो. मी त्या कोपराशेजारी समासात पेन्सिलीने लिहिलं, 'हे सरळ करणे', पट्टी लावली आणि सरळ केलं. नकाशा इतका देखणा झाला की मी दोनदा लांब जाऊन बघितला. नकाशावर सह्या झाल्या, शिक्के झाले. लाल पेन्सिलीचा कागद मी घरी नेऊन धुरी दादांना दिला. त्यांनी तो फळीवर अंथरला. दादा म्हणाले, "बरो जाड आसा कागद." मी म्हटलं, "सरकारी आहे."

तीन आठवड्यांनी इमारतीच्या दारावर नोटीस लागली. सदर इमारत कुटुंब-वस्तीच्या हद्दीत येत असल्याने एक महिन्याच्या आत रिकामी करावी. सोबत नकाशा.

मी कचेरीतून येऊन जिन्यापाशी उभा राहिलो. नकाशा ओळखायला मला एक सेकंद लागला. इतकी सरळ रेघ सगळ्या कुवेतात एकच माणूस मारायचा.

वर सगळे जमले होते. एसीवाले म्हणत होते सुलैबियाच्या बाजूला खोल्या मिळतील. तिथून कामावर यायचं म्हणजे दोन बस आणि मग चालणं. शिवाय एकत्र अडतीस जणांना जागा कुठली? पांगायचं. कुणी एका खोलीत, कुणी दुसरीकडे. तुमच्यासाठी ती एक जुनी इमारत होती. आमच्यासाठी आजारी पडल्यावर पेज करून देणारा माणूस शेजारच्या खाटेवर असणं, म्हणजे ती इमारत.

धुरी दादा माझ्याकडे वळले. "पेडणेकरा, तू त्याच कचेरीत बसतंस ना? बघ तरी, हो नकाशो कोणी काढल्यान तो."

"बघतो," मी म्हटलं. "चौकशी करतो."

अशी माझी माझ्यावरच चौकशीसाठी नेमणूक झाली. ती मी आठ दिवस केली. रोज संध्याकाळी ताटावर बसलं की विषय तोच. बाळा परब म्हणायचा, "तेच्या हातार एकदा पान्हो मारूक होयो." कोणी म्हणायचं, त्याला डोळे नसतील. दादा म्हणायचे, "डोळे आसतीत, पण मेल्यान ते घरी ठेवले आसतीत." आणि मी? मी पण म्हणायचो. सांगायला लाज वाटते, पण त्या अज्ञात ड्राफ्ट्समनला सगळ्यात चांगल्या शिव्या मीच दिल्या. एकदा तर मी म्हटलं, "असल्या माणसाला नोकरीवर ठेवतात कसे?" तेव्हा दादांनी माझ्या पानात अजून एक बांगडा वाढला. मला वाटलं, माझ्या बोलण्याने दिलासा मिळाला.

बोलायला भीती का वाटत होती तेही सांगतो. माझा करार त्याच महिन्यात नव्याने व्हायचा होता. सही-शिक्क्याचा नकाशा चुकला असं खात्याने कबूल करायचं म्हणजे दोन मुहाफझे, बलदिया आणि आमचं खातं, सगळ्यांची मान खाली. आणि पुरावा कुठे होता? इतिवृत्तात 'नकाशाप्रमाणे'. नकाशा म्हणजे मी.

चौथ्या दिवशी दुसऱ्या मजल्यावरच्या वसंत नाईकने ट्रंक भरली. तो इलेक्ट्रिशियन. म्हणाला, शेवटच्या आठवड्यात सगळेच खोल्या शोधायला लागतील, आत्ता मिळते ती घेतो. सुलैबियाला गेला. मी त्याची ट्रंक खाली उतरवायला मदत केली. दोन कड्यांपैकी एक कडी माझ्या हातात होती, आणि तेव्हाही मी तोंड उघडलं नाही.

आठव्या दिवशी संध्याकाळी दादांनी मला स्वयंपाकघरातून हाक मारली. "रे पेडणेकरा, तो जवळ्याचो डबो काढ मरे."

मी चकित झालो. सहा वर्षांत त्यांनी मला त्या फळीकडे फिरकू दिलं नव्हतं. मी डबा उचलला. खाली लाल रेघ. कोपरासकट. आणि शेजारी, तेलाच्या डागातून स्वच्छ वाचता येईल असं, माझं अक्षर: 'हे सरळ करणे'.

दादा कांदा चिरत होते. त्यांनी वर बघितलं नाही.

मी कागदाची घडी केली, शर्टाच्या आत घातली आणि 'जरा जाऊन येतो' म्हणून निघालो. मुख्तारांकडे. ती रेघ त्यांनी मारली होती, तेच सांगू शकत होते. मुदीरांकडे जायची छाती झाली नाही, हेही खरं.

मुख्तारांचं नाव बू जासिम. वस्तीतला त्यांचा दिवाणिया, म्हणजे घराच्या बाजूची बैठकीची लांब खोली, रोज संध्याकाळी उघडा असायचा. पण मला दिवाणियाची धास्ती होती. पहिल्याच वर्षी बू फहद मला एका मुहाफिझांच्या दिवाणियात घेऊन गेले होते. तिथे एक माणूस छोट्या पेल्यात कडू कॉफी ओततो. तुम्ही प्यायलात की पुन्हा ओततो. नको असेल तर पेला हलवायचा असतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. यजमानाचा मान ठेवायचा म्हणून मी अकरा पेले प्यायलो. बाराव्याला बू फहदनी माझा हात धरून हलवला. त्यानंतर सहा वर्षं मी कुठल्याही दिवाणियाच्या पायरीला पाय लावला नव्हता.

त्यामुळे बू जासिमच्या दिवाणियात शिरतानाच मी मनाशी पक्कं केलं होतं: पेला घ्यायचा, समोर खाली ठेवायचा, तोंडाला लावायचाच नाही. पहिला प्यायलो नाही तर दुसरा कसा येईल?

खोलीत तिन्ही भिंतींना टेकून वीस-पंचवीस माणसं बसलेली. मी 'सलाम आलेकुम' म्हणून दाराजवळ बसलो. पेला आला. मी तो घेतला आणि अलगद समोर जमिनीवर ठेवला.



पलीकडे दोघंजण गाडीच्या टायरबद्दल बोलत होते, ते थांबले. कॉफीवाला किटली धरून तसाच उभा राहिला. मी पेल्याकडे बघितलं, पेल्यात काही पडलंय का. बू जासिम सत्तरीचे, दाढी पांढरीशुभ्र. त्यांचे वडील गलबतावरून मुंबईला जायचे आणि लहानपणी ह्यांनाही न्यायचे, त्यामुळे त्यांना जुनी मुंबई-हिंदी यायची. ते शांतपणे म्हणाले, "बोलो. क्या माँगता है?"

मी म्हटलं, "कुछ नहीं, साब."

"तो पीता क्यों नहीं?"

तेव्हा माझ्या शेजारच्याने हळूच मोडक्या हिंदीत समजावलं. पाहुण्याने कॉफी न पिता खाली ठेवली, म्हणजे त्याचं काही मागणं आहे. यजमानाने ते ऐकून 'पी' म्हटलं, म्हणजे मागणं मान्य. आणि मान्य केलेलं मागणं सगळ्यांसमोर झालेलं असल्यामुळे ते मोडता येत नाही. मी त्या खोलीत जाऊन, काही न कळता, त्या वस्तीत करता येईल तो सगळ्यात मोठा अर्ज करून बसलो होतो.

मी त्यांना बाजूला घेऊन कानात सांगणार होतो. आता पंचवीस माणसं ऐकायला बसली होती. मी शर्टातून कागद काढून उलगडला.

सुक्या जवळ्याचा वास त्या अगरबत्ती-अत्तराच्या खोलीत असा पसरला की कॉफीवाल्याने किटली लांब धरली. बू जासिमनी मात्र डोळे मिटून तो वास आत घेतला. "बंबई," ते म्हणाले. "भाऊचा धक्का." मग डोळे उघडून नकाशा बघितला आणि बोट बरोबर कोपरावर ठेवलं. "ये मेरा है."

"जी. वो मैंने निकाल दिया."

"किसने बोला निकालने को?"

"किसीने नहीं."

त्यांनी समासावर बोट ठेवलं. "ये क्या लिखा है?"

खोटं बोलायला जागा नव्हती. "लिखा है, इसको सीधा करो."

बू जासिमनी कागद मांडीवर ठेवला. मग ते पंचवीस माणसांकडे वळून अरबीत काही म्हणाले. खोली हसायला लागली. आधी एक कोपरा, मग दुसरा. शेजारच्याने मला सांगितलं: ते म्हणतायत, त्या दिवशी मी एक तास दोन्ही मुहाफझ्यांशी भांडून ते कोपर मिळवलं. त्या इमारतीत माझा प्लंबर राहतो, माझ्या मुलाचा सुतार राहतो, ह्या खोलीतल्या प्रत्येकाचा एसी दुरुस्त करणारा राहतो. टाकी फुटली की तो सुलैबियाहून दोन बस बदलून येणार काय? म्हणून रेघ वाकवली. आणि ह्या माणसाने ती पुसली, कारण ती वाकडी होती.

"तुम किधर रहता है?" बू जासिमनी विचारलं.

मी कोपराच्या आतल्या मसुरीच्या दाण्यावर बोट ठेवलं.

ह्यावेळी ते स्वतःच इतके हसले की त्यांना खोकला लागला. मग हाताने पेल्याकडे खूण केली. "पी," ते म्हणाले.

मी प्यायलो. आणि पेला हलवला. दोनदा हलवला, खात्री म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी बू जासिम स्वतः पाचव्या मजल्यावर आले, तो वासाचा कागद घेऊन. बू फहदनी दोन्ही मुहाफझ्यांच्या प्रतिनिधींना आणि बलदियाच्या माणसाला बोलावलं. मला आत घेतलं आणि सगळ्यांसमोर ब्लेड हातात दिलं. फिल्मवरची शाई ब्लेडने खरवडून काढतात. मी माझी सरळ रेघ खरवडली आणि पाच मिलिमीटरचं कोपर पुन्हा काढलं. आयुष्यात इतकी वाकडी रेघ इतक्या काळजीने मी कधी काढली नाही. लाल पेन्सिलीचा मूळ कागद सगळ्यांनी बघितला, बलदियाच्या माणसाने रुमाल नाकाला लावून बघितला, आणि सह्या झाल्या. दोन्ही प्रतिनिधी आपण उदारपणे दुरुस्तीला मान्यता दिली असं समजून घरी गेले.

सगळे गेल्यावर बू फहदनी माळ खाली ठेवली. ती खाली ठेवलेली मी पहिल्यांदा बघत होतो.

"का सरळ केलीस?"

"साहेब, सुंदर दिसत नव्हती."

"सुंदर हवं असेल तर बाजारात जाऊन गालिचा घे," ते म्हणाले. "हद्द जिथे वाकडी असते तिथे कुणीतरी राहत असतं."

करार नवा झाला. शिक्षा एवढीच, की त्या दिवसापासून माझा प्रत्येक नकाशा उस्ताद सामींनी तपासायचा. सामी टायपिस्ट. त्यांना नकाशातलं उत्तर-दक्षिण कळत नव्हतं. ते फक्त एकच बघायचे: रेघ संशयास्पद सरळ तर नाही ना. पुढे कॉम्प्युटर आला, एगैलाच्या बाजूचे नवे भाग आखले गेले, तिथे सगळ्या रेघा मुळातच सरळ. तरी सामी निवृत्त होईपर्यंत पडद्यावर वाकून बघायचे आणि म्हणायचे, "कोणी राहतं का इथे?"

नोटीस मागे घेतल्याचा कागद दारावर लागला. वसंत नाईकला निरोप धाडला, पण त्याची खाट तोवर आमच्यातल्याच एका वेल्डरने घेतली होती आणि वसंतने सुलैबियात तीन महिन्यांचं भाडं भरलं होतं. तो परत आलाच नाही. पुढची कित्येक वर्षं शुक्रवारी दोन बस बदलून आमच्याकडे जेवायला यायचा. त्याच्या पानात मासा मी स्वतः वाढायचो. त्याने कधी काही विचारलं नाही, मी कधी काही सांगितलं नाही. ह्या सगळ्या गमतीतली न पुसलेली रेघ ती एक.

आता शेवटचं. नोटीस मागे घेतली त्या संध्याकाळी मेसमध्ये मोठं जेवण. मी ताटावर बसून तयार केलेलं भाषण केलं: खात्याच्या तांत्रिक विभागाकडून नजरचुकीने एक त्रुटी राहिली होती, ती चौकशीअंती लक्षात आली, आणि माझ्या पाठपुराव्याने दुरुस्त झाली. पाठपुरावा हा शब्द मी दोनदा वापरला.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. धुरी दादा भात वाढत होते. ते म्हणाले, "पेडणेकरा, फळयेर दुसरो कागद घाल. पयलो तू घेवन गेलंस."

मी हातातला घास ताटात ठेवला. "दादा, तुम्हाला कळलेलं?"

"पयल्याच दिसा. नोटीस बघलंय, फळयेरचो कागद बघलंय. तुझा अक्षर काय आमका म्हायत नाय?"

"मग आठ दिवस त्या शिव्या?"

"त्यो तुकाच," दादा शांतपणे म्हणाले. "वाटला, वायच टोचला की बोलशीत. पण तूच आमच्यापेक्षा जास्त घालूक लागलंस. शेवटी डबो काढूक सांगलंय."

वसंत गेलेला, मला सोडून बाकीची छत्तीस माणसं खाली मान घालून जेवत होती, खांदे हलत होते. मी बाळा परबकडे बघितलं, निदान हा तरी माझ्या बाजूने काही म्हणेल म्हणून. बाळाने माशाचा काटा ताटाच्या कडेला नीट मांडून ठेवला.

"पाइप आसतो तर अर्ध्या तासात सरळ केलो आसतो," तो म्हणाला. "तुका आठ दिवस लागले."